बोरनाळ्याचं देऊळ सोडवलं तेव्हा

जीप ओढा ओलांडून बोरनाळ्याच्या चढाला लागली, तरी देवळाची घंटा वाजली नाही.

"हॉर्न दे," बाबा ड्रायव्हरला म्हणाले.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पुन्हा एकदा दिला. बांधावरचे दोन बगळे उडून गेले, एवढंच.

बिशप येणार म्हटलं की गावोगावची रीत ठरलेली असायची. लांबून जीपची धूळ दिसली की घंटा सुरू व्हायची, वेशीपाशी लेझीम घुमायची, म्हाताऱ्या बाया पदर सावरत पुढं यायच्या. आणि हे तर बाबांचं जन्मगाव. इथं घंटा जरा जास्तच वेळ वाजायची.

"वारा उलटा असेल," बाबा म्हणाले. "आवाज पोचत नसेल."

वारा नव्हताच. वैशाखाचं ऊन होतं आणि लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

ही एकोणीसशे त्रेसष्ट सालची गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. आई गेल्यापासून सुटीत बाबांबरोबर दौऱ्यावर जायचं, त्यांची औषधं बघायची, जांभळ्या झग्याला इस्त्री करायची, ही कामं माझ्याकडं आली होती. बाबा म्हणजे शांतवन याकोब अमोलिक, आमच्या धर्मप्रांताचे बिशप. त्यांच्याआधी त्या खुर्चीवर फक्त इंग्रज बसले होते.

त्यांची कहाणी आमच्या मंडळीत सगळ्यांना पाठ होती. आजोबा, याकोब, गावचे येसकर, वेशीची राखण करणारे. वेशीबाहेर झोपडी. दुष्काळाच्या साली मिशनचे साहेब घोड्यावर बसून आले, त्यांनी आमच्या आळीला बाप्तिस्मा दिला आणि जाताना याकोबच्या धाकट्या मुलाला शिकायला बरोबर नेलं. तो मुलगा मिशनच्या वसतिगृहात वाढला, पाळक झाला, इंग्लंडला जाऊन धर्मशास्त्र शिकून आला, बिशपच्या खालोखालचा आर्चडीकन झाला. शेवटचे इंग्रज बिशप मायदेशी निघाले तेव्हा त्यांनी आपल्या हातातली चांदीच्या मुठीची काठी त्याच्या हातात दिली. त्या दिवशी जिल्ह्यातून लोक बैलगाड्या जुंपून आले होते. मी लहान होते. कुणाच्या तरी खांद्यावर बसून मी ते पाहिलं आणि एक अनोळखी बाई मला म्हणाली, "पोरी, तुझा बाप न्हाई गं, आपण समदे बिशप झालो आज."

आणखी एक गोष्ट लोक आवर्जून सांगत. बिशप अमोलिकांनी नात्यातलं एक माणूस मिशनच्या नोकरीत लावलं नाही, एक पोर वसतिगृहात घातलं नाही. मिशनमधल्या बाकीच्यांनी आपापली घरं भरली, या माणसानं नाही. न्यायी बिशप म्हणत त्यांना. मला त्याचा फार अभिमान होता.

देवळामागच्या पाळकाच्या घरापुढं जीप थांबली. पाळक रेव्हरंड लूकस देठे बाहेर आले. त्यांनी झगा घातला नव्हता. साधा सदरा, पायजमा, आणि चेहरा असा की घरात कुणी आजारी असावं.

"सलाम साहेब. आधी पाणी घ्या."

"दृढीकरणाची तयारी झाली? उमेदवार कुठं आहेत?" बाप्तिस्मा झालेल्या पोरांच्या डोक्यावर बिशपनं हात ठेवून त्यांना मंडळीत पक्कं करायचं, त्या विधीसाठीच आम्ही आलो होतो.

देठ्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "साहेब, उमेदवार नाहीत."

"म्हणजे?"

"कुणीच नाही साहेब. पाम संडेपासून, ईस्टरच्या आदल्या रविवारपासून, देवळात कुणी येत नाही. मी नि माझी बायको दोघंच असतो. आपल्याला कळवायचं धाडस झालं नाही. वाटलं, आपण येणार म्हटल्यावर तरी येतील."

"आहेत कुठं सगळे?"

"पुढं लिंबाखाली बसलेत. सकाळपासून. आपलीच वाट बघतायत."

बाबांनी पाणी घेतलं नाही. पेटी उघडून त्यांनी जांभळा झगा चढवला, गळ्यात क्रूस घातला, काठीचे तुकडे जोडून ती हातात घेतली. मी मागून पट्टा नीट केला तेव्हा त्यांच्या पाठीला घाम सुटलेला हाताला लागला.

लिंबाखाली सगळी आळी बसली होती. बाप्ये एका अंगाला, बाया दुसऱ्या अंगाला, जशी देवळात बसत तशीच. फक्त देवळाकडं पाठ करून. बाबा समोर आले तसे काहीजण सवयीनं उठू लागले आणि अर्धवट उठून परत बसले. एकटे थोरले काका उभे राहिले.

गेनूकाका बाबांपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. बाबा वसतिगृहात गेले आणि हे आजोबांच्या मागं येसकरकी करत राहिले, पुढं दुसऱ्याच्या शेतावर. चारचौघांत ते धाकट्या भावाला नेहमी 'बिशपसाहेब' म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "शांतू, बस."

कुणीतरी घोंगडी पुढं सारली. काका टेकले, बाबा बसले नाहीत.

"दादा, देवळात चला. जे काही असेल ते प्रार्थना झाल्यावर बोलू."

"आमी आता देवळात येणार न्हाई," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढा नव्हता. उलट, आजारी माणसाशी बोलावं तसे ते बोलत होते. "समद्यांनी मिळून ठरवलंय. सरकारात आमी आमची मूळ जात लावून घेणार. मामलेदाराकडं जाऊन आलो. तो म्हणला, किरिस्ताव हायेत म्हून गावात एकानं जरी सांगितलं तरी दाखला मिळायचा न्हाई. देऊळ चालू ऱ्हाईलं तर कोन इस्वास ठेवंल?"

"कशासाठी हे?"

"पोरांसाठी. दुसरं काय हाय आमच्यापाशी?"

बायांच्या घोळक्यात काकांची मुलगी शेवंता बसली होती. मॅट्रिकला तालुक्यात पहिली आली होती ती. डॉक्टर व्हायचं म्हणत होती. गावकुसाबाहेरच्या इतर पोरांना सरकारी सवलत होती. वसतिगृह होतं, फी माफ होती. आमच्या पोरांना नव्हती. ख्रिस्ती म्हटलं की ते दार बंद.

बाबा म्हणाले, "शेवंताचं मी बघतो. तिच्या शिक्षणाची जबाबदारी माझी."

काकांनी मान वर करून भावाकडं पाहिलं. "आता बघतोस?" एवढंच म्हणाले. मग जणू तो शब्द तोंडातून गेलाच नाही असं करून म्हणाले, "शेवंता एकटी न्हाई रं. किसनची दोन हायेत, सखूचा नातू हाय. कुनाकुनाचं बघशील?"

"दादा, बाप्तिस्मा पुसता येत नाही. तुम्ही कागदावर काहीही लिहा."

"पुस म्हणतंय कोन? तू येकदा हितं खाली बस आन आयक. पाटलाच्या विहिरीवर आजबी आमचा पोहरा चालत न्हाई. पाटील म्हणतो, किरिस्ताव झालात म्हून काय जात गेली व्हय तुमची? सरकार म्हणतं, किरिस्ताव झालात, आता तुमाला जात कसली? मंग आमी हाये कोन? सांग की. तू शिकल्याला हायेस."

बाबांनी गळ्यातल्या क्रूसाला हात लावला. "ख्रिस्तानं आपल्याला माणूस केलं, दादा."

"तुला केलं," काका म्हणाले.

त्यात राग नव्हता. एखादा माणूस पाऊस कुठं पडला नि कुठं नाही ते सांगतो, तसं त्यांनी सांगितलं. बायांतून कुणाचा तरी हुंदका आला. सगुणाआजी होती ती. आजोबांच्या बरोबरीची, डोळ्यांनी अधू, रोज संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसून असायची.

"ठीक आहे," बाबा म्हणाले. "तुमच्या मनाविरुद्ध मी कुणाला ओढून नेणार नाही. पण आज माझी वाट बघत का बसलात? मी आलो नसतो तरी तुम्ही हेच केलं असतं."

काकांनी डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. बोलायचं होतं ते आता आलं, हे सगळ्यांच्या बसण्यावरून कळत होतं.

"देवळाचं बोलायचं व्हतं. तरणी पोरं म्हणत व्हती, कुलूप तोडू, आतलं सामान भाईर टाकू, समाजमंदिर करू. मी म्हणलं, न्हाई. आपल्या बापानं या देवळाचा दगुड डोक्यावर वाहिलाय. आईनं पोटुशी असताना चुना मळलाय. ज्यानं देव बसवला त्यानंच त्याला उठवावं. तवाचा बिशप आला, त्यानं मंत्र म्हणून आत देव बसवला. आता बिशप तू हायेस." त्यांनी देवळाकडं हात केला. "तुझा देव तू घेऊन जा, शांतू. आमच्या हातनं त्याला हाकलनं व्हायचं न्हाई."

बाबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. देऊळ एकदा देवाला वाहिलं की ते मोकळं करण्याचा अधिकार फक्त बिशपला असतो, हे मला ठाऊक होतं. असा विधी कुणी केल्याचं मात्र मी कधी ऐकलं नव्हतं.

"इमारत ट्रस्टची आहे," बाबा म्हणाले. "ती देणं माझ्या हातात नाही."

"भिंती कुनाच्या ते वकील बघतील. आत बसलाय त्याचं बोलतोय मी."

"मी ते करणार नाही."

असं म्हणून बाबा वळले आणि एकटे देवळात गेले. दार त्यांनी आतून लावून घेतलं. माणसं तशीच बसून राहिली. कुणी उठून घरी गेलं नाही, कुणी तंबाखूची चंचीसुद्धा काढली नाही.

मला काय करावं सुचेना. मी देवळाला वळसा घालून मागं गेले. तिथं आमच्या लोकांची दफनभूमी आहे. निवडुंगाचं कुंपण, आणि पांढऱ्या चुन्याचे ओबडधोबड क्रूस. आजी-आजोबा तिथंच आहेत. माझ्या मागोमाग शेवंता आली. लहानपणी मी सुटीत यायची तेव्हा आम्ही दोघी एका घोंगडीवर झोपत असू. आता ती माझ्यासमोर परक्यासारखी हात बांधून उभी राहिली.

"बिशपकाकांना सांग," ती म्हणाली. "माझ्यासाठी त्यांनी काही करू नये."

"त्यांनी मनापासून म्हटलं, शेवंता."

"शमूदादाच्या वेळी कुठं गेलं होतं मन?"

शमुवेल तिचा थोरला भाऊ. माझ्याहून थोडा मोठा. विहिरीच्या खोदकामावर सुरुंग उडाला आणि त्यात तो गेला, एवढं मला माहीत होतं. मी तेव्हा शाळेच्या वसतिगृहात होते. बाबाच त्याला माती द्यायला आले होते.

"शमूचं काय?" मी विचारलं.

"तुला खरंच ठाऊक नाही?"

मी नाही म्हणून मान हलवली.

ती एका क्रूसापाशी बसली. बसून त्याच्या बुडातलं गवत उपटू लागली. "दादा सातवीला केंद्रात पहिला आला होता. मास्तर म्हणाले, याला हायस्कुलात घाला. तेव्हा इथं हायस्कूल कुठलं? ते माझ्या वेळी निघालं. आमचे आप्पा त्याला घेऊन तुमच्या बंगल्यावर आले. शहरातल्या वसतिगृहात एक जागा द्या म्हणून. बिशपकाका म्हणाले, जागा आहे, पण माझ्या पुतण्याला दिली तर लोक काय म्हणतील? मिशनमधले लोक आपली माणसं भरतात म्हणून मीच ओरडत होतो. पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी पण तेच. तिसऱ्या वर्षी दादा म्हणाला, आता मी नाही येत. आणि खोदकामावर जायला लागला."

मी खाली तिच्याशेजारी बसले.

"त्या जागेवर कुणाला घेतलं, माहीत आहे? शहरातल्या एका वकिलाच्या पोराला. ख्रिस्तीच होता. चांगले मार्क होते त्यालाही. न्यायानंच दिली होती जागा." शेवंता गवत उपटतच होती. "आप्पा कधी बोलले नाहीत. आई बोलली नाही. दादाच्या मातीला सगळे म्हणत होते, बिशपसाहेब स्वतः आले, केवढं नशीब."

देवळाचं मागचं दार उघडं होतं. कधी उघडलं ते आम्हाला कळलं नाही. बाबा दारात उभे होते. त्यांनी किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. ऐकण्यासारखं त्यांना नवीन काही नव्हतंच.

ते पायऱ्या उतरून आमच्यापाशी आले. शमूच्या त्या क्रूसाकडं बघत शेवंताला म्हणाले, "पहिल्यांदा आला तेव्हा तो व्हरांड्यात बसला होता. आत ये म्हटलं तर येईना. पाय धुळीचे आहेत म्हणाला. मी त्याला तिथंच चहा दिला."

"हो," शेवंता म्हणाली. "त्यानं सांगितलं होतं घरी. कपबशीतनं दिला म्हणून. फार खूश होता."

बाबांच्या चेहऱ्याकडं मी पाहिलं आणि मला पुन्हा पाहवलं नाही. माझे वडील किती प्रवचनं करायचे, किती मरणाऱ्या माणसांच्या उशाशी बसायचे. त्यांच्याजवळ सांत्वनाचा शब्द नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या उन्हात ते नुसते उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

मग ते म्हणाले, "नओमी, दादाला सांग, मी करतो."

लोक देवळात आले. कितीतरी आठवड्यांनी आले, आणि चपला बाहेर काढून, बाप्ये डावीकडं, बाया उजवीकडं, आपापल्या जुन्या जागी बसले. देठे पाळक एका कोपऱ्यात उभे होते. त्यांची बायको मोठ्यानं रडत होती म्हणून त्यांनी तिला बाहेर नेलं.

विधी असा फारसा काही नव्हता. पुस्तकात तो नव्हताच. बाबांनी वेदीसमोर उभं राहून साध्या मराठीत सांगितलं की, पूर्वी एका बिशपनं हे घर देवाच्या नावानं वेगळं केलं होतं. आज मी, शांतवन, त्याच अधिकारानं ते मोकळं करतो. इथून पुढं हे इतर घरांसारखं घर आहे. त्यांचा आवाज स्वच्छ होता. मला वाटलं होतं तो फुटेल. तो फुटला असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी वेदीवरचं वस्त्र काढलं, घडी घातली. प्याला आणि ताटली त्यात गुंडाळली. भिंतीवरचा पितळी क्रूस खिळ्यात घट्ट बसला होता, तो निघेना. बाबा टाचा उंचावून ओढत होते. सगळे बघत होते आणि कुणी पुढं होत नव्हतं. शेवटी काका उठले, त्यांनी खालून बाबांच्या कमरेला धरून वर उचललं, लहान पोराला उचलतात तसं, आणि क्रूस निघाला. भिंतीवर त्याच्या आकाराची पांढरी जागा राहिली.

शेवटी वेदीजवळचा दिवा. बाबांनी फुंकर घालून तो विझवला.

"झालं?" मागून सगुणाआजीनं विचारलं. तिला दिसत नव्हतं.

"झालं, आजी," कुणीतरी म्हणालं.

"मंग आता सांजच्याला मी कुटं बसू?"

ती थोडा वेळ वाट बघत राहिली, मग शेजारणीचा हात धरून चाचपडत बाहेर गेली. जाताना उंबऱ्याला तिनं बोटं लावून ती ओठांना लावली. बाबा ते बघत होते.

जीपमध्ये सामान ठेवलं. सरूकाकीनं भाकरी आणि हरभऱ्याचं कालवण केलं होतं. बाबा झगा उतरवून काकांच्या ओट्यावर जेवायला बसले. दोघं भाऊ एका घोंगडीवर. काकी वाढत होती, पण बाबांकडं बघत नव्हती. जेवण निम्मं झालं आणि बाबा म्हणाले,

"दादा, एक मागायचं होतं."

"माग."

"मी गेल्यावर मला इथं आणा. आईबापाशेजारी. शमूजवळ जागा आहे."

काकांचा घास हातातच राहिला. त्यांनी काकीकडं पाहिलं, शेवंताकडं पाहिलं. पुष्कळ वेळ ते भाकरीचा तुकडा कालवणात नुसता फिरवत होते.

"न्हाई जमायचं, शांतू," ते म्हणाले. "आधीचे हायेत ते हायेत. त्येंचे क्रूस आमी पावसाळ्याआधी काढून टाकू. पन तू बिशप. तुला मूठमाती द्यायला पन्नास पाद्री येतील, पेपरात फोटू येईल. मंग चौकशी व्हईल, ही कबर हितं कशी? पोरांचं समदं मुसळ केरात जाईल."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले.

"राग मानू नगं."

"नाही दादा. न्यायाचंच बोललास."

काका उठून परसात निघून गेले. परत आले तेव्हा त्यांनी तोंड धुतलेलं होतं. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी बाबांना सलाम केला नाही, रामरामही केला नाही. जीपच्या चाकाला लागलेला काटा काढायचं निमित्त करून ते खाली वाकून राहिले.

वाटेत बाबा एकदाच बोलले. मांडीवर तो पितळी क्रूस होता, वस्त्रात गुंडाळलेला. मला म्हणाले, "हे कुठं ठेवायचं गं आता?" मी म्हटलं, कॅथेड्रलच्या खोलीत ठेवू. ते म्हणाले, "हं."

त्यानंतर बाबा आणखी काही वर्षं बिशप राहिले. दौरे करत, दृढीकरणं देत, पाळकांच्या बदल्या करत. काम कुठं अडलं नाही. प्रवचनं मात्र ते जुन्या वह्यांतली वाचून दाखवू लागले. घरी जेवणाआधीची प्रार्थना माझ्यावर सोपवली. एकदा मी त्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही आता प्रार्थना करता का?" ते वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, "पुस्तकात आहे तेवढी म्हणतो." मग पान उलटून वाचत राहिले. त्या घरात आम्ही दोघंच होतो आणि त्यानंतर मी तो विषय पुन्हा काढला नाही. पुढं आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, दुसऱ्या पंथांच्या मंडळ्यांबरोबर एक झाली, त्या सोहळ्याच्या आधीच प्रकृतीचं कारण सांगून ते पायउतार झाले. त्यांचं निरोपाचं भाषण छापलं होतं. त्यात बोरनाळ्याचं नाव नव्हतं.

शेवंता डॉक्टर झाली. सरकारी दवाखान्यात लागली. गावात आणखीही दोघंतिघं शिकून बाहेर पडले. म्हणजे काकांनी केलं ते फुकट गेलं असं म्हणता येत नाही. कुणी विचारलं तर मी तेच सांगते.

बाबा गेले ते ऐन हिवाळ्यात, थोड्याशा आजारानं. आमची शहरातली दफनभूमी भरली होती. मंडळीनं खटपट करून कॅन्टोनमेंटमधल्या जुन्या गोऱ्यांच्या दफनभूमीत जागा मिळवली. तो मोठा मान आहे असं सगळे मला सांगत होते. एका बाजूला कुठल्याशा पलटणीचा कॅप्टन, दुसऱ्या बाजूला एका इंग्रज मेमसाहेबाचं तान्हं बाळ. मध्ये माझे वडील.

पाद्री आले होते, फोटोवाला आला होता. शवपेटी खाली सोडायच्या आधी देठे पाळक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, फाटकाबाहेर तुमचे थोरले काका आहेत. आत या म्हटलं तर येत नाहीत."

मी धावत गेले. काका रस्त्याच्या कडेला गुलमोहराखाली उभे होते. फार थकले होते. अंगावर शेवंतानं घेतलेला कोट होता. मला बघून त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं.

"काका, आत चला. अजून पेटी खाली सोडली नाही. तोंड बघून घ्या."

"न्हाई पोरी. शेवंताच्या दाखल्यामागं कुनीतरी अर्ज लावलाय. चुलता बिशप व्हता म्हून. चौकशी चालू हाय. आत फोटूवाला हाय न्हवं का?"

"हो."

"मंग न्हाई." त्यांनी फाटकाच्या गजांतून आत पाहायचा प्रयत्न केला. माणसांच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं. मग ते गुडघ्यावर हात टेकून वाकले, रस्त्याकडेची मूठभर माती उचलली आणि माझ्या ओंजळीत घातली. "ही टाक. म्हनावं, दादानं दिली." जरा थांबून म्हणाले, "मोठ्यानं म्हनू नगं."

मी आत गेले. गर्दीतून वाट काढत खड्ड्याशी पोचले आणि ती माती टाकली. काकांनी सांगितलेलं मनातल्या मनात म्हटलं. नंतर लोकांचे हात हातात घेण्यात बराच वेळ गेला. मोकळी होऊन फाटकाशी आले तेव्हा गुलमोहराखाली कुणी नव्हतं.

समोर पानाची टपरी होती. मी त्या माणसाला विचारलं, इथं एक म्हातारे उभे होते, कोट घातलेले, ते कुठं गेले?

"स्टँडकडं गेले की. आत्ताच," तो म्हणाला. "लई रडत होते बिचारे. मी विचारलं, बाबा, कोण वारलं तुमचं? तर म्हणाले, माझं कुनी न्हाई. कुनी तरी साहेब हाय."